दुसऱ्या दिवसाचं रक्त

परळला एका पॅथॉलॉजी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर मी नऊ वर्षं रक्त काढते आहे. सकाळी सातला शटर वर जातं आणि साडेदहापर्यंत मान वर करायला सवड नसते. बहुतेक लोक उपाशीपोटी आलेले, शुगरवाले, घाईतले, "मॅडम, चहा कधी घेऊ?" असं विचारणारे. त्याच गर्दीत काही बायका असतात. नंबर आला की त्या काउंटरच्या काचेजवळ तोंड नेतात आणि मागच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगतात, "आज दुसरा दिवस आहे."

पाळीचा दुसरा दिवस. पुढचं त्यांना सांगावं लागत नाही. फॉर्मवर दिवस का जात नाहीत ते शोधायच्या हार्मोन टेस्ट असतात: एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन, टीएसएच आणि हल्ली हमखास एएमएच. माझा हात आपोआप पिवळ्या झाकणाच्या ट्यूबकडे जातो.

बाई गरोदर राहिली की आपण म्हणतो, तिला दिवस गेले. जिला दिवस जात नाहीत ती मात्र दिवस मोजत बसते. दुसरा, नववा, बारावा, एकविसावा. हे मी वर्षानुवर्षं काचेच्या अलीकडून पाहत होते. २०२४ च्या फेब्रुवारीत एका सकाळी, सेंटर उघडायच्या आधी, मी आतल्या खुर्चीत बसले, बाही वर केली आणि आमच्या सिनियर ताईंना म्हटलं, "आज दुसरा दिवस आहे."

ताईंनी काही विचारलं नाही. टूर्निकेट बांधलं आणि आम्ही प्रत्येकाला विचारतो तेवढंच म्हणाल्या, "कुठला हात देतेस?"

आमचं लग्न डिसेंबर २०१९ मधलं. लग्नानंतर तीन महिन्यांत सगळं बंद झालं, नवऱ्याचं लिफ्ट दुरुस्तीचं काम थांबलं, मला मात्र रोज ओळखपत्र दाखवून भांडुपहून परळला यावं लागायचं. त्या काळात मूल नको असं आम्हीच ठरवलं होतं. २०२२ पासून प्रयत्न सुरू केले. वर्षभर नियमित संबंध असून गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी, बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी, हे मला तोंडपाठ होतं. तरी आम्ही दोन वर्षं घालवली. मी बत्तीसची होते. रोज दुसऱ्यांचं रक्त काढणाऱ्या मला स्वतःचा फॉर्म भरायची भीती वाटत होती, हे इथे सरळ लिहून टाकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. आमच्या चाळीतून इमारत झालेल्या सोसायटीत एका मजल्यावर आठ घरं आहेत. हळदीकुंकवाला बसले की मी नकळत हिशेब करायचे, यातली आणखी कोण? पण कुणीच बोलत नाही. "काय गं, काही विशेष?" एवढाच प्रश्न, आणि तो नेहमी बाईलाच.

आता हे सगळं लिहायचं कारण. माझ्या दीड वर्षाच्या तपासण्यांमध्ये मला कळलं की टेस्टचं नाव माहीत असणं पुरत नाही. ती कुठल्या दिवशी करायची आणि उत्तर आल्यावर पुढे नेमकं काय बदलणार, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. मी याच धंद्यातली असून ते विचारले नाहीत. त्याची किंमत महिन्यांत मोजावी लागली.

दिवसांपासून सुरुवात करते. पहिला दिवस कुठला, यावरच निम्मे घोळ होतात. नुसता डाग दिसला तो दिवस धरायचा नाही. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला. रात्री उशिरा सुरू झाला तर काय, असं कुणी विचारलं की मी त्यांना डॉक्टरांना फोन करायला सांगते, कारण प्रत्येक डॉक्टरांची मोजायची रीत थोडी वेगळी असते. एफएसएच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच काढतात, कारण तेव्हा बीजकोष अजून शांत असतो आणि मेंदूतली पिट्युटरी त्याला किती जोराने हाका मारतेय ते कळतं. आणि एफएसएच एकटं काढून उपयोग नाही. सोबत इस्ट्राडिओल, म्हणजे बीजकोषातून येणारं संप्रेरक, हवंच. ते आधीच वाढलेलं असेल तर एफएसएच दबतं आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. पैसे वाचवायला कुणी फॉर्मवरचं इस्ट्राडिओल काट मारून आणलं की माझा जीव तुटतो.

प्रोलॅक्टिनची तर वेगळीच गंमत नाही, तक्रार आहे. अंगावर दूध आणणारं हे संप्रेरक धावपळीने वाढतं, टेन्शनने वाढतं, झोपेतून नुकतंच उठल्यावर जास्त असतं, कधी सुई दोनदा टोचावी लागली तरी वर जातं. मुंबईतली बाई सकाळी डबे भरून, लेडीज डब्यात लोंबकळून, जिने उतरून आमच्यापर्यंत धापा टाकत येते आणि आम्ही लगेच तिचं प्रोलॅक्टिन काढतो. मी स्वतः त्या दिवशी तशीच आले होते. आकडा आला ३४. आमच्या लॅबची वरची मर्यादा २५ च्या आसपास. दोन दिवसांत माझे डोक्यातल्या गाठीपर्यंतचे विचार करून झाले. ताई म्हणाल्या, "मुली, पुढच्या आठवड्यात ये, अर्धा तास आतल्या खोलीत पंख्याखाली बस, मग काढू." तेव्हा आला १७. तेव्हापासून प्रोलॅक्टिनचा फॉर्म दिसला की त्या बाईला मी आधी बसवते. मागे रांग ओरडली तरी.

आणखी एक सांगून ठेवते. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या कितीतरी जणी घेतात. ते बायोटिन रक्तात असलं तर आमच्या मशिनच्या बऱ्याच हार्मोन टेस्ट फसतात. टीएसएच खोटंच कमी येऊ शकतं, इस्ट्राडिओल आणि प्रोजेस्टेरॉन खोटंच जास्त. आम्ही निदान दोन-तीन दिवस आधी ती बंद करायला सांगतो, अर्थात डॉक्टरांना विचारून. औषधं विचारली तर बायका ही गोळी सांगतच नाहीत, कारण ती त्यांना औषध वाटत नाही.

माझं एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय ते सुचवणारं संप्रेरक, १.३ आलं. माझ्या वयाच्या मानाने थोडं कमी. रिपोर्ट संध्याकाळी सिस्टिमवर चढला आणि मी तो घरी जाताना, दादरला चढलेल्या गर्दीत, एका हाताने कडी धरून मोबाईलवर वाचला. मी शेकडो बायकांना सांगितलं आहे, "डॉक्टरांना दाखवा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका." कुर्ला येईपर्यंत मी तो आकडा दहा वेळा उघडून पाहिला. घाटकोपरला कुणीतरी उतरताना धक्का मारला, तेव्हा फोन पर्समध्ये टाकला.

पुढे आम्ही ज्या नव्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आतून सोनोग्राफी केली. यासाठी लघवी करून यायचं असतं. पोटावरून करतात तेव्हा पाणी पिऊन मूत्राशय भरावं लागतं. बायका हमखास उलटं करून येतात आणि ताटकळत बसतात, म्हणून लिहिलं. पडद्यावर काळे काळे ठिपके. डॉक्टर मोजत होत्या, उजवीकडे पाच, डावीकडे चार. मग त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी असं सांगितलं नव्हतं. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोषांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात त्यातली चारशे-पाचशेच काय ती बाहेर पडतात. लहान लहान फॉलिकल, म्हणजे बीजांच्या पिशव्या, एएमएच तयार करतात, म्हणून साठा किती उरलाय याचा अंदाज त्यावरून येतो. टेस्ट ट्यूब बेबीची इंजेक्शनं दिली तर किती बीजं मिळतील, हे ठरवायला तो आकडा फार कामाचा. पण या महिन्यात तुला दिवस जातील की नाही, ते बीज चांगलं आहे की नाही, हे तो सांगत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० बायकांचा एक अभ्यास छापून आला होता. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या बायका. ज्यांचं एएमएच कमी होतं त्यांनाही इतरांइतकेच दिवस गेले. डॉक्टर म्हणाल्या, "तुझा साठा वयाच्या मानाने थोडा कमी आहे, एवढंच. घाबरायचं नाही, पण रेंगाळायचंही नाही."

पण त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत आम्ही रेंगाळलो होतोच. एका चुकीच्या दिवसामुळे.

हा किस्सा मला सगळ्यांत जास्त सांगायचा आहे. या डॉक्टरांकडे जाण्याच्या आधी आम्ही घराजवळच्या दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवत होतो. तिथे चिठ्ठी मिळाली, "प्रोजेस्टेरॉन, एकविसावा दिवस". मी एकविसाव्या दिवशी रक्त दिलं. आलं ०.९. चिठ्ठी दाखवली तर उत्तर मिळालं, तुमचं बीज फुटतच नाही. गोळ्या सुरू. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, "आई, दोष माझ्यातच आहे." त्या काही बोलल्या नाहीत. रात्री माझ्या ताटात त्यांनी सोलकढीची वाटी भरून ठेवली होती, मला आवडते म्हणून.

गोळ्यांचे तीन महिने गेल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी हे ताईंना बोलले. त्यांनी डबा बाजूला ठेवला. "तुझी पाळी किती दिवसांनी येते?" मी म्हटलं, "चौतीस." "मग एकविसाव्या दिवशी कशाला काढलंस?"

मला ऐकूनही क्षणभर कळलं नाही, इतकी ती एकविसाची सवय झाली होती. प्रोजेस्टेरॉन बीज फुटल्यावर वाढतं. फुटल्यानंतर साधारण सात दिवसांनी ते सर्वांत जास्त असतं, म्हणजे पुढची पाळी येण्याच्या सात दिवस आधी. अठ्ठावीस दिवसांची पाळी असली तरच तो दिवस एकविसावा. चौतीसवालीला तो सत्ताविसावा. माझं बीज विसाव्या दिवसाच्या आसपास फुटत होतं, आणि मी त्याच्या लगेच पुढच्या दिवशी रक्त देऊन ते फुटत नाही असं लिहून घेतलं होतं. गोळ्या बंद करून पुढच्या पाळीत सत्ताविसाव्या दिवशी रक्त दिलं. तीनच्या वर असलं की बीज फुटलं असं धरतात. माझं अकरा आलं.

त्या आकड्यासमोर मी बराच वेळ बसले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. तीन महिने मी माझ्या शरीराला नावं ठेवत होते आणि ते आपलं काम वेळच्या वेळी करत होतं. नव्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते यानंतर.

मग आली नळ्यांची तपासणी. एचएसजी. गर्भपिशवीच्या तोंडातून औषध सोडतात आणि एक्स-रेवर बघतात की ते दोन्ही नळ्यांतून पलीकडे पोटात सांडतंय का. रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज फुटायच्या आधी ती करायची असते. मला जिथे करायची होती त्या एक्स-रे सेंटरचा नियम सहावा ते अकरावा दिवस. पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत, म्हणजे चुकून गर्भ असायची भीती नको. तिथले रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनच दिवस यायचे. मला तारीख मिळाली ८ जुलै २०२४, सोमवार. माझा नववा दिवस.

मुंबईकरांना ती तारीख आठवत असेल. रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. शाळांना सुट्टी, मध्य रेल्वेचे रूळ पाण्याखाली. मी भांडुप स्टेशनवर प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे रिपोर्ट गुंडाळून उभी. नवरा म्हणाला, "रिक्षाने जाऊ." पण रिक्षा जाणार कुठून? दहाला सेंटरमधून फोन आला, डॉक्टरच अडकलेत, पुढच्या वारी या. पुढच्या वारी माझा तेरावा दिवस होता. नियमात बसत नव्हता. म्हणजे गेला महिना. पावसाने माझी लोकल कितीदा तरी चुकवली आहे, पूर्ण महिना चुकवला तो एकदाच. फलाटावर उभ्या असलेल्या हजार माणसांत मी रडत होते, आणि अशा पावसात ओल्या चेहऱ्याकडे कोण बघतं.

ऑगस्टमध्ये, दहाव्या दिवशी झाली ती तपासणी. ताईंनी बजावलं होतं की तासभर आधी दुखण्याची गोळी घे, डॉक्टरांना विचारून घे, सोबत कुणाला तरी ने, आणि पॅड ठेव. सेंटरमधून यातलं काहीही मला सांगितलेलं नव्हतं. मी गोळी घेतली होती तरी औषध आत जाताना पोटात असा पीळ पडला की मी टेबलाची कड घट्ट धरली आणि तोंडातून आवाज निघाला. बाजूला उभी असलेली मदतनीस बाई म्हणाली, "एवढंसं सहन होत नाही, मग बाळंतपण कसं करणार?"

मी गेली नऊ वर्षं लोकांना टोचते. कुणी ओरडलं, कुणी हात मागे घेतला, कुणाला चक्कर आली, मी कधीही असं बोलले नाही. दुखतं तेव्हा दुखतं. सगळ्यांना सारखंच दुखत नाही, काहींना नुसतं पाळीसारखं वाटतं, तेही खरं. पण ज्या बाईला मूल होत नाही म्हणून ती टेबलावर आडवी झाली आहे, तिला बाळंतपणाचा टोमणा? तुम्हाला असं कुणी बोललं तर तक्रार करा. मी केली नाही, आणि ते मला अजून बोचतं.

पडद्यावर उजव्या नळीतून औषध धुरासारखं पसरलेलं दिसलं. डावीकडे तोंडाशीच थांबलं. रिपोर्टवर लिहून आलं, डावी नळी बंद. आमच्या डॉक्टरांनी तो शब्द लगेच खोडून काढला नाही, पण सांगितलं की वेदनेने किंवा भीतीने नळीचं तोंड आवळून धरलं तरी एचएसजीत ती बंद दिसते, खरोखर मोकळी असतानाही. मग त्यांनी घरात कुणाला टीबी होता का विचारलं. होता. लहानपणी मावशी आमच्याकडे राहायची, एकाच खोलीत झोपायचो, तिला फुप्फुसाचा टीबी निघाला होता. आपल्याकडे नळ्या खराब होण्यामागे जननमार्गाचा टीबी हे मोठं कारण आहे आणि बऱ्याचदा त्याचं एकही लक्षण दिसत नाही. गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. निगेटिव्ह आला. हेही सांगते, नुसत्या पीसीआरवर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टवर, सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू करायची की नाही यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. म्हणून त्यांनी पीसीआरसोबत तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायलाही, पाठवला होता, सूक्ष्मदर्शकाखालीही बघितला होता. या टेस्टला कारण होतं, म्हणून ती केल्याचं मला वाईट वाटत नाही.

इथपर्यंत मला किती वेळा टोचलं गेलं, किती वेळा मी त्या टेबलावर पाय वर करून झोपले, याची यादी मी एकदा वहीत लिहिली. सतरा वेळा. नवऱ्याच्या नावापुढे भोपळा.

त्याने कधी नकार दिला असं नाही. माणूस प्रेमळ आहे. प्रत्येक सोनोग्राफीला बाहेरच्या बाकड्यावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसायचा. पण वीर्यतपासणी म्हटली की "तुझं एकदा होऊ दे, मग बघू". पहिल्या दवाखान्यात कुणी त्याला विचारलंच नाही. आणि मीही जोर धरला नाही, कारण मला वाटायचं, त्याचा आकडा कमी आला तर तो मोडेल. माझे आकडे कमी आले तेव्हा मी मोडेन असं मात्र कुणाला, अगदी मलासुद्धा, वाटलं नाही.

नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांसाठी दोन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. मूल न होण्यात साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी असतं. या तपासणीला सुई नाही, टेबल नाही, पाळीच्या दिवसांचं गणित नाही. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत, बस. आमच्या सेंटरवर तिचा दर एएमएचच्या निम्म्याहून कमी आहे. ती सगळ्यांच्या आधी व्हायला हवी. आमची झाली ऑक्टोबरमध्ये, म्हणजे माझ्या पहिल्या रक्तानंतर आठ महिन्यांनी.

माझ्या लॅबमध्ये यायला तो तयार नव्हता. सगळे ओळखतात. मलाही आमच्याकडची ती जागा माहीत आहे. टॉयलेट, आतून कडी, बाहेर रांगेतल्या माणसांचे आवाज. म्हणून मुलुंडची लॅब ठरवली आणि नमुना घरूनच न्यायचा ठरला. तासाभरात पोहोचला पाहिजे आणि अंगाच्या उबेत राहिला पाहिजे. मी त्याला डबी कशी बंद करायची, नाव आणि वेळ कुठे लिहायची ते दाखवलं. त्याने ती बनियनच्या आत, पोटाशी धरली आणि वरून शर्टाची बटणं लावली. भांडुप ते मुलुंड, मध्ये फक्त नाहूर. तो दारापाशी उभा राहिला, एक हात पोटावर. मी लेडीज डब्यात न जाता त्याच्यासोबत जनरलमध्ये चढले होते. तो मला म्हणाला, "आठ महिने तू रोज हे घेऊन फिरत होतीस का?" मला त्याला काय म्हणायचंय ते समजलं.

दर मिलिलिटरला ७० लाख शुक्राणू आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. हालचालही कमी. एका नमुन्यावर निकाल द्यायचा नसतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, मधल्या काळात ताप जरी येऊन गेला असेल तर आकडा घसरतो. जानेवारीत दुसरा नमुना दिला, आकडा तसाच होता. तपासणीत व्हेरिकोसील निघालं, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या. तो त्या रात्री माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः आईला सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, मला फक्त त्याचा आवाज ऐकू आला, "आई, तिचं नाही. माझंपण आहे."

मी त्याला नंतर म्हटलं की 'माझंपण' हा शब्द फार बरोबर आहे. कारण माझा साठा कमी आहे, माझी एक नळी अजून संशयित आहे, त्याचा आकडा कमी आहे. हे आमच्या दोघांचं मिळून एक आहे.

मधल्या काळात डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी सुचवली होती, लॅपरोस्कोपी, डावी नळी खरंच बंद आहे का बघायला. पोटावर लहान छिद्रं, भूल, एक-दोन दिवस हॉस्पिटल. या वेळी मी प्रश्न विचारला. "मॅडम, ती बंद निघाली तर आपण पुढे काय वेगळं करणार? आणि उघडी निघाली तर?" त्या थांबल्या. रिपोर्ट परत पाहिले. नळीत पाणी साठून ती फुगली असती तर ती काढावी लागली असती, पण सोनोग्राफीत तसं काही दिसत नव्हतं. उजवी मोकळी होती. नवऱ्याचे आकडे सुधारले तर एका नळीवर आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भपिशवीत सोडणं, करून बघता येईल, नाही सुधारले तर इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू बीजात टोचणं, आणि इक्सीत नळ्यांचं काम उरतच नाही. "आत्ता नको," त्या म्हणाल्या, "तू बरोबर विचारलंस." डॉक्टरांना राग येईल म्हणून कितीतरी बायका हे विचारत नाहीत. चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

मी परळच्या वाडिया प्रसूतिगृहात जन्मले. आई अजून सांगते, त्या दिवशी परळला कसं पाणी भरलं होतं. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर केईएम हॉस्पिटल. याच केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून मुंबईची पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. मी रोज त्या फाटकासमोरून जाते. पूर्वी फाटक हे फाटक होतं. आता कधी कधी वाटतं, १९८५ मध्ये त्या मुलीची आई इथून आत जाताना कुठला दिवस मोजत असेल.

नवऱ्याचं व्हेरिकोसीलचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. तीन महिन्यांनी पुन्हा नमुना द्यायचा आहे.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली, सव्वीस-सत्तावीसची. फॉर्मवर प्रोजेस्टेरॉन, एकविसावा दिवस. मी हातमोजे घातले, बँड बांधायच्या आधी विचारलं, "पाळी किती दिवसांनी येते तुझी?" म्हणाली, "चाळीस-बेचाळीस." मी सुई परत ठेवली. तिला म्हटलं, डॉक्टरांना इथूनच फोन लाव, मी बोलते हवं तर. तिने लावला. मग ती तशीच, हाताला कापूस न लावता, परत गेली. त्या दिवशीचा हिशेब एका टेस्टने कमी भरला.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर आहे. त्यावर सासूबाई दुधाचे आकडे लिहितात, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात. दोन वर्षं त्याच चौकोनांत माझ्या लाल पेनाच्या फुल्या असायच्या, पहिल्या दिवसाच्या. फुली दिसली की आई काही न बोलता देवघरात जायच्या. काल पान उलटलं, जून आला. मी अजून पेन हातात घेतलं नव्हतं, पण सोळा तारखेच्या चौकोनात निळ्या शाईची एक फुली आधीच होती, आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात नवऱ्याचं घरातलं नाव.